शाउट चुकवणारा माणूस

टॅलक क्रीक, व्हिक्टोरिया
शनिवार, १४ जून १९९७

प्रिय नोली,

तू, तुझी लेक फेनेला आणि तिचं बाळ तिकडे होबार्टला मजेत असाल असं धरून चालतो. काही कमीजास्त असतं तर कळवलं असतंस, असंही धरून चालतो. मी बरा आहे. गुडघा बरा नाही, पण त्याला विचारतंय कोण.

आधी गावावर आलेलं संकट सांगतो. हॅरपच्या बेकरीने काउंटरवरची सॉसची बाटली काढून टाकली. आपले आजोबा खाणीतून वर आले की जिथे मटण भरलेला मीट-पाय खायला थांबायचे, तीच बेकरी. आता मीट-पायबरोबर बोटाएवढी प्लास्टिकची पुडी मिळते. तिच्या एका कोपऱ्यावर ‘इथे फाडा’ असं लिहिलेलं आहे. लिहिणाऱ्याने स्वतः कधी फाडून पाहिलेली नाही, हे मी शपथेवर सांगेन. बोटांनी झालं, किल्लीने झालं, शेवटी दात लावले. पुडी फुटली ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंच्या पांढऱ्या कोटावर. मी कौन्सिलकडे लेखी तक्रार केली. उत्तर आलं की सॉस हा विषय कौन्सिलच्या अखत्यारीत येत नाही. मग येतं तरी काय?

फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतो, म्हणून हे पत्र.

बातमी अशी की माझं ‘शब्दांची झाडाझडती’ हे सदर राजधानीतल्या कोशवाल्यांच्या नजरेला पडलं. गावचं साप्ताहिक गावातही धड वाचत नाहीत, तिकडे कसं पोचलं देव जाणे. बहुतेक कुणीतरी त्यात मासे बांधून नेले असावेत. कोशवाल्यांना ‘शाउट’ या क्रियापदाबद्दल माहिती हवी आहे. आपल्या भागात ते कसं वापरतात, कधीपासून, कोण, कुठे, आणि शक्य तर एखादं जिवंत वाक्य. वाक्य आवडलं तर माझ्या नावासकट कोशात छापणार आहेत.

मी जे लिहायला घेतलंय ते तुलाही थोडं ऐकवतो. इंग्लंडात हे क्रियापद घशाचं आहे, आपल्याकडे खिशाचं. तिकडचा माणूस शाउट करतो म्हणजे ओरडतो. इकडचा शाउट करतो म्हणजे सोबतच्या सगळ्यांच्या पेल्यांचे पैसे देतो, आणि तेही होता होईल तो गुपचूप. मूळ शोधायला निघालो तर सहा-सातशे वर्षांमागच्या इंग्रजीपर्यंत माग लागतो, पुढे धुकं. एक मत असं की बाण सोडण्याच्या ‘शूट’ या शब्दाचं हे भावंड, आवाजही सोडायचाच. दुसरं मत असं की उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या बोलीत याच्या जवळपासचा एक शब्द होता, त्याचा अर्थ टोमणा मारणे. मला कुठलं मत पटतं हे तुला सांगायला नको.

आपला अर्थ मात्र सोन्याच्या खाणींवर रुजला असं म्हणतात. खिशात सोन्याचा खडा आला की गडी तंबूतल्या गुत्त्यात शिरायचा आणि गलक्यात आवाज पोचावा म्हणून ओरडून दारू मागवायचा. ओरडला त्याने सगळ्यांचे द्यायचे. खरं असेल, नसेलही. पण कायदा तेव्हापासूनचा. चौघं उभे राहिले की चार फेऱ्या. दुसऱ्याच्या पैशांचा पेला ओठाला लागला की तू बांधला गेलास. आपली फेरी देण्याआधी पाय काढता घेणारा माणूस टॅलक क्रीकला चालत नाही. इथे घर सोडून गेलेल्यांनाही लोक परत घेतात, शाउट चुकवणाऱ्याला नाही. (उदाहरण सहज सुचलं. अंगाला लावून घेऊ नकोस.)

यावरून क्लॅरी आठवला.

तुझा नवरा शाउट चुकवतोय, नोली.

ज्याने दुष्काळात लोकांच्या पवनचक्क्या उधारीवर दुरुस्त करून दिल्या आणि उधारी विसरून गेला, तोच क्लॅरी. प्रॉस्पेक्ट हॉटेलच्या पबमध्ये शुक्रवारी आमचं टोळकं ठरलेलं: मी, क्लॅरी, चिप्सच्या दुकानाचा ग्रीक स्पायरो, आणि शाळेची बस चालवायचा तो रॉन ट्रेंबाथ. मार्चपासून क्लॅरीची पाळी आली की तो बुटाची नाडी बांधायला वाकतो. नाहीतर म्हणतो, “मी दिली की आत्ताच.” पहिल्यांदा आम्ही हसलो. दुसऱ्यांदा स्पायरोने त्याच्या वाटची दिली. तिसऱ्यांदा रॉन पेल्यात बघत म्हणाला, “क्लॅरीने हात आखडलाय. काय, घर बांधतोस की काय?” क्लॅरीने त्याच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता पेला फुटणार.

त्यानंतर तो आमच्यात उभाच राहत नाही. काउंटरच्या टोकाला, आपला पेला आपण घेऊन, माश्यांच्या सोबतीने पितो. एकटा पिणाऱ्याला इथे असंच म्हणतात, हे तू विसरली नसशील अशी आशा आहे. मालकीण ग्वेंडाने विचारलं, “क्लॅरी, भांडलास काय रे?” तर म्हणाला, “कोणाशी भांडू? ज्याचं त्याला ठाऊक आहे.”

आता मला सांग, कुठे पाणी मुरतंय? तू सहा आठवड्यांसाठी लेकीच्या बाळंतपणाला गेलीस, ते बाळ आता चालायला लागलं असेल. मे महिन्यात जमिनीच्या दलालाची गाडी तुमच्या फाटकाशी उभी होती, रॉनने पाहिली. पैसे जपून ठेवणारा नवरा, परत न येणारी बायको, फाटकात दलाल. मी काही विचारत नाहीये. पण घर विकायचं चाललं असेल तर ते मला रॉन ट्रेंबाथच्या तोंडून कळू नये, एवढीच इच्छा.

तुझा भाऊ,
डेस

ता. क. कोशवाल्यांसाठी वाक्य सुचलं. झकास आहे. आधी सदरात छापतो.

रविवार, २९ जून

प्रिय नोली,

तुझं कार्ड मिळालं. मागे तीनच ओळी. ‘घर विकत नाही. दलाल वाट चुकला असेल. क्लॅरीला त्रास देऊ नकोस.’ पुढच्या बाजूला पेंग्विन. पेंग्विनचा चेहरा तुझ्यापेक्षा जास्त बोलका होता.

‘त्रास देऊ नकोस’ म्हणजे काय? त्रासच कशाला व्हावा? ज्याला काही लपवायचं असतं त्याचीच बायको असं लिहिते. का तूच काही लपवतेस? गेला आठवडाभर मी हे कार्ड उलटसुलट करून पाहतोय.

सदर छापून आलं. वाक्य असं होतं: ‘शाउट चुकवणे म्हणजे फेरी आपल्यावर येताच बुटाची नाडी बांधायला वाकणे, आणि आमच्या गावात एकजण तर नाडी नसलेले बूट घालून वाकतो.’ नाव लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. सबंध गावात बाजूला इलास्टिक असलेले बूट घालून पबमध्ये येणारा एकच माणूस आहे, आणि ते बूट तूच त्याला साठाव्या वाढदिवसाला घेतलेस.

शुक्रवारी ग्वेंडाने ते काउंटरवर उभं राहून मोठ्याने वाचलं. पब दणाणला. रॉनने माझी पाठ थोपटली. स्पायरो हसला नाही, म्हणाला, “डेस, फार धारदार आहे रे हे. भाजी कापायला ठीक.” मी म्हटलं, विनोद कळायला ग्रीकांना दोन हजार वर्षं लागतात. तेवढ्यात क्लॅरी आला. सगळे एकदम पेल्यांत डोकावायला लागले. त्याने काउंटरवरून पेपर उचलला, चष्मा लावला, सावकाश वाचलं, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला. आपला पेला संपवला आणि गेला.

मला वाटलं, लागलं बरोब्बर. खाई त्याला खवखवे. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्हरांड्यात चहा घेत होतो तर फाटक वाजलं. क्लॅरी. हातात तोच पेपर. मी कप खाली ठेवला. मारामारीत कप फुटू नये म्हणून.

“मेव्हण्या,” तो म्हणाला, “शाबास!”

“कशाबद्दल?”

“अरे, कोणीतरी बोलायलाच हवं होतं. मला जमलं नाही. मी गपचूप बाजूला झालो.” त्याने खुर्ची ओढली. आवाज खाली आणला. “मला केव्हाचा संशय होता. दर शुक्रवारी मी दोनदा देतोय, तीनदा देतोय, आणि हे सगळे माझ्याकडे बघतायत. म्हटलं, आपल्यातला कोणीतरी चुकवतोय. पण मित्राला चोर कसं म्हणायचं? त्यापेक्षा माश्या बऱ्या.”

“कोण चुकवतोय, क्लॅरी?”

“आता मला कशाला विचारतोस? तूच लिहिलंयस ना!” तो गालात हसला. “रॉन. मला तो बसमध्ये पोरांचे सुटे पैसे दाबायचा तेव्हापासून माहीत आहे. पण एक सांग, नाडी नसलेले बूट तो कधीपासून घालायला लागला?”

मी त्याच्या पायांकडे पाहिलं. मग पाहायचं थांबवलं.

रॉनने कुठल्याही पोराचे पैसे कधी दाबले नाहीत, नोली. उलट ज्यांच्याकडे तिकिटाला नसायचे त्यांना तो पुढच्या बाकावर बसवायचा. हे क्लॅरीनेच मला सांगितलं होतं, पूर्वी.

तो चहा पिऊन गेला. जाताना दारातून आत डोकावून आणखी एक गोष्ट म्हणाला. ती मी इथे लिहीत नाही. लिहीन, पण आज नाही. आज मला फक्त हे विचारायचं आहे, आणि या वेळी पेंग्विनवर भागवू नकोस: तू होबार्टला नक्की का गेलीस?

डेस

रविवार, २० जुलै

प्रिय नोली,

तुझा फोन येऊन आठवडा होत आला. पहिल्यांदाच आपण तिसऱ्या वाक्यानंतरही भांडलो नाही. त्याचं श्रेय मला नाही. बोलत तूच होतीस, मी लिहून घेत होतो.

तू जे सांगितलंस ते मी पुन्हा लिहून पाहतो. चुकलो तर सांग. क्लॅरीचा मोठा पाना हरवला. त्याने तो शेडमध्ये शोधला, गाडीत शोधला, आणि मग तुझ्या कपाटात शोधला. नंतर पैशांचं पाकीट. नंतर गाडीची किल्ली. प्रत्येक वेळी वस्तू सापडायची, आणि प्रत्येक वेळी तुझ्यावरचा आळ वाढायचा, की तू लपवून परत ठेवतेस. शेवटी एक दिवस तो म्हणाला, “या घरात चोराबरोबर मी जेवणार नाही.” तू बॅग भरलीस. गावाला बाळंतपणाचं सांगितलंस. सगळं गाव तुला नवऱ्याला टाकून गेलेली म्हणालं, तुझा सख्खा भाऊ सगळ्यांत आधी. आणि तू गप्प राहिलीस, कारण खरं सांगितलं असतंस तर क्लॅरी बायकोवर चोरीचा आळ घेणारा माणूस ठरला असता.

“तो रागावलेला नव्हता रे डेस,” तू म्हणालीस. “घाबरलेला होता. माझ्यामुळे घाबरायचा. म्हटलं, मी नसले तर तो तरी बरा होईल.”

आता त्या दिवशी दारातून तो काय म्हणाला ते लिहितो. स्वयंपाकघराकडे बघून तो म्हणाला, “नोला आत आहे का? तिला दाखवलंस हे? हसली असेल.” मी म्हटलं, ती होबार्टला आहे. तो म्हणाला, “हो, हो, होबार्ट,” आणि त्याचा चेहरा अगदी फेरी चुकल्यावर व्हायचा तसा झाला. तेव्हा मला कळलं की पबमध्ये तो चेहरा मी किती शुक्रवार पाहत होतो, आणि त्याला कंजूषपणा म्हणत होतो.

मी त्याला बेंडिगोला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कारण सांगितलं की माझा गुडघा दाखवायचा आहे, सोबत चल. तिने माझा गुडघाही पाहिला, चांगली बाई. मग त्याला पाच शब्द सांगितले आणि थोड्या गप्पा मारून परत विचारले. त्यातला त्याला एकही आठवला नाही. मला पाचही आठवतात. अजून आठवतात, ही माझी शिक्षा. शेवटी तिने रोगाचं नाव सांगितलं. त्या शब्दाचं मूळ, कूळ, पहिला छापील वापर, सगळं मला काढता येईल. काढणार नाही.

परतीच्या वाटेवर तो एकदम म्हणाला, “मेव्हण्या, म्हणजे रॉन नव्हता तर.”

“नव्हता.”

“मग मीच.”

मी गाडी चालवत राहिलो. तो मेंढ्या मोजल्यासारखा खिडकीबाहेर बघत होता. “मला विसरायला होईल, ते चालेल,” तो म्हणाला. “पण चुकवणारा म्हणून नको रे. कोणी काही म्हणो, ते नको.”

त्याला पुढच्या आठवड्यात हे बोलणं आठवेल की नाही, माहीत नाही. मला आठवणं भाग आहे.

कोशवाल्यांचं पत्र आलं होतं. नाडीचं वाक्य त्यांना फार आवडलं. माझ्या नावासकट छापायला घेतो म्हणाले. कोशातलं वाक्य म्हणजे दगडावरची रेघ. आपण सगळे मातीत गेल्यावरही कोणीतरी ते वाचून हसलं असतं. मी लगेच फोन केला. तिकडची बाई म्हणाली, “पण इतकं जिवंत उदाहरण!” मी म्हटलं, “बाई, उदाहरण जिवंत आहे म्हणूनच.” त्यांनी वाक्य काढलं. बदली दुसरं मागितलं. मी म्हटलं, सध्या स्टॉक नाही.

मग रॉन आणि स्पायरोला स्पायरोच्या दुकानामागे बोलावलं आणि सांगितलं. सगळं. क्लॅरीचा संशय रॉनवर होता, हेसुद्धा. रॉनने हातातला चिप्सचा कागद खाली ठेवला.

“मी? मी पोरांचे पैसे दाबायचो?”

“असं त्याला वाटतं. कधी वाटतं, कधी नाही.”

“पहिला टोमणा मीच मारला होता,” रॉन म्हणाला. नाक पुसलं. “असू दे. त्याला मी चोर दिसत असेन तर दिसू दे. मला चालेल. संशय त्याच्या घरातल्या माणसावर जाण्यापेक्षा माझ्यावर गेलेलं बरं.”

नोली, या माणसाची मी आयुष्यभर चेष्टा केली.

तोडगा स्पायरोने काढला. पाळी लक्षात ठेवायची गरजच ठेवायची नाही. पहिली फेरी नेहमी क्लॅरीची. तो दारातून आत आला की ग्वेंडाने चार पेले भरायचे आणि त्याच्यापुढे ठेवून म्हणायचं, “काय क्लॅरी, आजची सुरुवात तुझी ना?” पहिली शाउट देणाऱ्याचा मान मोठा. आणि एकदा त्याची झाली की उरलेली संध्याकाळ त्याच्याकडे कोणी बघायचं नाही.

या शुक्रवारी करून पाहिलं. तो सवयीने काउंटरच्या टोकाला निघाला होता. रॉनने आडवा हात घातला. “कुठे चाललास? माश्यांना सुट्टी दिलीय आज.” क्लॅरी थबकला. रॉनच्या तोंडाकडे जरा संशयाने पाहिलं. मग ग्वेंडाने पेले ठेवले, प्रश्न विचारला, आणि त्याने पाकीट काढलं. नोली, असं काढलं जणू खाणीतून आत्ताच वर आला आणि खिशात खडा आहे. तो परत आमच्या टोळक्यात उभा राहिला. स्पायरोला त्याच्या चिप्सवरून चिडवलं. मला म्हणाला, “तुझ्या सदरात हल्ली दम नाही राहिला.” मी म्हटलं, खरं आहे.

तू विचारलंस, मी येऊ का. मी ‘ये’ म्हणणार नाही. तो तुला कपाटाशी पाहून पुन्हा चोर म्हणेल. त्यावर माझ्याकडे उपाय नाही, ग्वेंडाकडेही नाही. आलीस तर आधी माझ्याकडे उतर, तुझी खोली रिकामी आहे, तिथून तुमचं घर हाकेच्या अंतरावर. नाही आलीस तर गावात मी कोणालाही काही बोलू देणार नाही. माझ्यापासून सुरुवात करून.

शुक्रवारचं एक राहिलं. स्पायरोची फेरी झाली, माझी आली. मी पाकिटाला हात घालतोय तोवर क्लॅरी काउंटरवर टकटक करून म्हणाला, “ग्वेंडा, चार. माझी शाउट.” पहिली दिल्याचं त्याच्या ध्यानातही नव्हतं. ग्वेंडाने माझ्याकडे पाहिलं. रॉनने छताकडे पाहिलं. त्याला अडवायचं म्हणजे चारचौघांत त्याला सांगायचं. आम्ही घेतली. म्हणालो, “जियो, क्लॅरी.” तो खूश झाला. रॉनने आपली फेरी दिली, मैफल उठली. क्लॅरी दाराशी स्पायरोच्या हातात हात देऊन त्याच्या नातवाची चौकशी करत होता. त्याचा कोट माझ्याच खुर्चीवर होता. मी माझ्या फेरीच्या पैशांची नोट घडी करून त्याच्या आतल्या खिशात सरकवली आणि कोट त्याच्या अंगावर चढवायला धरला.

तुझा,
डेस